एक्सेलमधला भाव आणि आप्पांचं उळं

यावेळचं पत्र चांदवड तालुक्यातल्या एका मुलाचं आहे. नोकरी पुण्यात, घरी आई-आप्पा. लांबलचक होतं, थोडं कापून देतेय:

"ताई नमस्कार. आमची पाच एकर आहे, विहिरीला जेमतेम फेब्रुवारीपर्यंत पाणी, दोन गायी. आप्पा दरवर्षी उन्हाळ कांदा लावतात, भाव असो नसो. २०२५ च्या एप्रिलमध्ये अडीच एकरातून एकरी १२० क्विंटल निघाला, खर्च एकरी ९६ हजार. तेव्हा हजार-अकराशेचा भाव होता, मी म्हटलं विकून टाका, ते म्हणाले दिवाळीला बघू. ऑक्टोबरात कांदा साठवलेली चाळ फोडली तर एकरी ८० क्विंटलच विकायजोगा राहिलेला आणि भाव हजार. मी एक्सेलमध्ये सगळं मांडून दाखवलं तर म्हणाले 'तुझ्या मक्याचं काय झालं ते पण लिही त्यात'. हो, खरिपात दोन एकर मका मीच हट्टाने करायला लावला होता, इथेनॉलला मका लागायला लागल्यामुळे दोन वर्षं भाव चांगला चालला होता म्हणून. दिवाळीनंतर पंधराशेने गेला, हमीभाव २४०० असताना. आता मी म्हणतोय कांदा बंद करा, दोन एकर डाळिंब लावू, रेट भारी आहे. ते परत उळं, म्हणजे कांद्याचं बी, टाकून मोकळे. शेतकऱ्याला भावाचं काही कळतच नाही का? यांना समजवायचं कसं? आमचं बोलणं बंद आहे, आई मधे निरोप देते."

अरे दादा, आधी तुझंच एक्सेल उघडू. एप्रिलला १२० क्विंटल गुणिले साडेदहाशे धरले तर एकरी १ लाख २६ हजार, खर्च जाऊन ३० हजार हातात. भाडं, हमाली, तोलाई सध्या बाजूला ठेव. ऑक्टोबरला ८० क्विंटल गुणिले हजार म्हणजे ८० हजार, एकरी १६ हजार खिशातून. तोच कांदा, तेच शेत, तेच आप्पा, फक्त विकायची तारीख बदलली आणि एकरी ४६ हजाराचा फरक पडला. अडीच एकराचा १ लाख १५ हजार झाला. म्हणजे तुझ्या आकड्यांवरून कांदा हे पीक चुकलं असं कुठेच निघत नाही, चाळ धरली ते चुकलं असं निघतंय, आणि तू सांगतोयस कांदा बंद करा.

बरं, चाळ का धरली? २०२४ आठव. उन्हाळ कांदा निघाला तेव्हा निर्यातबंदी चालू, मे महिन्यात ती उठली, आणि ज्यांनी धीर धरून चाळीत ठेवला त्यांना सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये चार हजाराच्या आसपास भाव बघायला मिळाला. तुमच्या गावात तेव्हा कोणी ट्रॅक्टर घेतला असेल, कोणी स्लॅब टाकला असेल, आणि ज्याने एप्रिलमध्येच खळ्यावरून देऊन टाकला त्याला वर्षभर बायकोने ऐकवलं असेल. ते सगळं डोक्यात ठेवून आप्पा २०२५ ला म्हणाले दिवाळीला बघू. आणि तू दोन वर्षं मक्याचा भाव बघून म्हणालास मका करा. मला दोघांत फरक दिसत नाही, दोघांनी मागच्या वर्षीचा भाव घेऊन पुढच्या वर्षीचं पीक ठरवलं, फक्त तुझ्याकडे त्याची फाइल आहे.

शेतकऱ्याला भाव कळत नाही हे तुझं वाक्य मात्र मला खटकलं. ही समजूत इंग्रज साहेबांच्या काळापासून आहे, की इकडचा गरीब शेतकरी बापजाद्यांनी पेरलं तेच पेरतो, भाव वरखाली झाला तरी ढिम्म. राज कृष्ण नावाच्या आपल्या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये ब्रिटिश काळातल्या पंजाबचे जुने आकडे काढून हे तपासलं, तर कापसाच्या बाबतीत उलटंच निघालं, भाव वाढला की तिथला शेतकरी पुढच्या हंगामात कापसाचं क्षेत्र चांगलंच वाढवत होता. गव्हाचं तसं नव्हतं, गव्हात हालचाल अगदी थोडी. कारण गहू घरात खायला लागतो, तो भावावर किती सोडणार.

आणि एवढं मागे कशाला, तूर आठवते का? २०१५ ला दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपये झाली होती, लोक वरणात पाणी वाढवत होते. २०१६ च्या खरिपात आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात आणि तिकडे कर्नाटकात जो तो तुरीवर तुटून पडला, पाऊसही बरा झाला, आणि देशाचं तुरीचं उत्पादन एका वर्षात २५ लाख टनांच्या आसपास होतं ते ४८ लाख टनांच्या आसपास गेलं. जवळपास दुप्पट! हे ज्यांना भाव कळत नाही त्यांनी केलं बरं का. मग काय झालं तेही सांगते, हमीभाव बोनससकट ५०५० होता आणि बाजारात चार हजारसुद्धा मिळेना, २०१७ च्या मार्च-एप्रिलमध्ये खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, आणि आत बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नाही म्हणून काटा बंद. लोक तुरीच्या पोत्यांवर झोपून राहिले रात्र-रात्र.

तेव्हा भाव कळतो रे, फार चांगला कळतो, अडचण ही आहे की सगळ्यांना एकाच दिवशी कळतो. आणि जो भाव कळतो तो विकून झालेल्या मालाचा असतो, आपण पेरतोय त्या मालाचा भाव अजून कुठे जन्मालाच आलेला नसतो. अर्थशास्त्रवाले याला कोळ्याच्या जाळ्याची उपमा देतात, कारण कागदावर भाव आणि आवक यांच्या रेषा काढत गेलं की गोल गोल फिरत जाळं विणल्यासारखं दिसतं. जर्मनीत १९२० च्या दशकात डुकरांच्या भावात हेच सापडलं होतं, भाव चढला की सगळे डुकरं वाढवणार, ती मोठी होईपर्यंत भाव पडणार. तिकडे डुकरं, इकडे कांदा.

कांद्याची तर खोड आणखी वेगळी आहे, आणि हे तू पुण्यात बसून एक्सेलमध्ये दर महिन्याचा कॉलम टाकलास तर तुलाही दिसेल. उन्हाळ कांद्याचं उळं आपण टाकतो ऑक्टोबर-नोव्हेंबरला. तेव्हा बाजारात काय असतं? चाळीतला जुना संपत आलेला, खरिपाचा नवा लाल कांदा अजून नीट सुरू नाही, पाऊस जास्त झाला तर तो खराबही झालेला. म्हणजे बहुतेक वर्षी भाव सगळ्यात वर असायचे ते हेच दिवस. नेमक्या त्याच दिवशी माणूस लासलगाव नाहीतर पिंपळगावच्या लिलावात उभा राहून भाव ऐकतो, घरी येतो, आणि ठरवतो यंदा एक एकर वाढवू. आणि तो कांदा निघतो एप्रिल-मेला, जेव्हा अख्ख्या जिल्ह्याचा, नगरचा, मध्य प्रदेश-गुजरातचा सगळा एकदम निघतो. असा फसवा महिना दुसऱ्या पिकाला नसेल.

आमच्याकडे हे झालंय म्हणून सांगते. डिसेंबर २०१० ला कांदा एकदम भडकला होता, अवकाळीने लाल कांदा खराब झाला आणि दिल्लीत किलोला ७०-८० रुपये. माझे वडील तसे जपून वागणारे, पण त्या वर्षी त्यांनी विहिरीखालचं जे दीड एकर दरवर्षी गव्हाला ठेवायचे त्याच्यातसुद्धा कांदा घातला. रोप कमी पडलं तर विकत आणलं, ते पण चढ्या भावाने. लागणीला बायका मिळेनात, आम्ही दोघी बहिणी कॉलेज बुडवून वाकलो होतो, आठ दिवस कंबर सरळ झाली नव्हती. वसंतात भाव इतका पडला की खांडणीची, म्हणजे कांद्याची पात कापायची, मजुरी कांद्यातून निघाली की घरातून गेली हे आजपर्यंत आमच्याकडे ठरलेलं नाही. आणि त्यात गहू विकत आणावा लागला, दुकानातून, शेतकऱ्याच्या घरी! आई पोळ्या लाटताना रोज एकदा तरी म्हणायची, "आता कांद्याच्याच पोळ्या करू का तुम्हाला?" वडील ताटावरून मान वर करायचे नाहीत. पुढच्या वर्षी भाव काय होता कुणास ठाऊक पण गव्हाचं दीड एकर परत गव्हाला गेलं आणि नंतर कधी हललं नाही.

हे तू 'आप्पा बदलत नाहीत' म्हणतोस ना त्याच्यात असतं बघ. बाहेरून हट्ट दिसतो. आतून बघितलं तर बांधलेली कांदाचाळ आहे, तिच्यात दुसरं काही ठेवता येत नाही. घरचं उळं आहे, कांद्याचे डेंगळे, म्हणजे बियांचे दांडे, धरून केलेलं, म्हणजे बियाण्याचे पैसे वाचतात. कोणत्या वाफ्यात करपा रोग येतो, कोणत्या वळणावर पाणी तुंबतं हे तीस वर्षांचं पाठ आहे. पीक बदलायचं म्हणजे हे सगळं एका झटक्यात शून्यावर येतं, आणि तुझ्या एक्सेलमध्ये त्याचा कॉलम नाही. शिवाय आप्पा थोडं थोडं बदलत असतीलच, तुला फोनवर कळत नाही इतकंच. भाव पडलेल्या वर्षी एक फवारणी गाळली असेल, खताची गोणी अर्ध्यावर आणली असेल, एक बिघा मोकळा सोडला असेल. छोटा शेतकरी भावाला असाच प्रतिसाद देतो, पाच एकराचं पीक एकदम फिरवून नाही, कारण चुकलं तर त्याला दुसरी नोकरी नाही.

आणि कधीकधी तर उलटाच प्रतिसाद देतो, तो ऐकून तुला अजून राग येईल. भाव पडला की जास्त लावतो! कारण घरात लग्न ठरलंय, सोसायटीचं कर्ज भरायचंय, दुकानदाराची उधारी आहे, हे आकडे काही भावाबरोबर कमी होत नाहीत, मग क्विंटलला कमी मिळणार असेल तर क्विंटल वाढवा. गणिताने चुकीचं असेल पण त्या माणसाच्या जागी उभं राहिलं की दुसरं सुचत नाही.

वर सरकार आहेच. २०१९ च्या सप्टेंबरात निर्यातबंदी, २०२० च्या सप्टेंबरात परत बंदी, २०२३ च्या ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क, मग टनाला ८०० डॉलरची किमान निर्यातकिंमत, मग डिसेंबरात सरळ बंदी, ती मे २०२४ ला उठली तरी शुल्क राहिलं, ते सप्टेंबरात २० टक्क्यांवर आलं आणि पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला, म्हणजे भाव होता तेव्हा दार बंद आणि उघडलं तेव्हा भाव नाही. आणि पडतो तेव्हा काय, तर २०२३ च्या फेब्रुवारीला सोलापुरात एका शेतकऱ्याला पाचशे किलोच्या वर कांदा विकून सगळा खर्च वजा जाता दोन रुपयांचा चेक मिळाला होता, पेपरात फोटो आला होता सगळीकडे. नंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं सरकारने, नाही असं नाही, पण ते कांदा गेल्यावर. आता हे दहा वेळा बघितलेल्या माणसाला तू म्हणशील की भाव वाढतोय, गुंतवणूक करा, तर तो हसणारच ना. त्याला माहितीये की वरचा भाव आपल्या वाट्याला फार दिवस येऊ देत नाहीत, खालचा मात्र पूर्णच्या पूर्ण येतो.

आता डाळिंब. वाईट कल्पना नाही, खरं सांगते. तुमच्याकडे पाणी फेब्रुवारीपर्यंत, तर मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची फुलं, धरता येईल, ठिबकवर चालतं, जमीन हलकी असेल तर उत्तमच. पण तू ज्या कारणाने म्हणतोयस ते कारण चुकीचं आहे. आज रोप लावलं तर जमेल असा पहिला बहार यायला दोन-अडीच वर्षं, म्हणजे आजचा रेट तुझ्या डाळिंबाचा रेटच नाही. मक्यात सहा महिन्यांनी फसलास, इथे तीन वर्षांनी कळेल, आणि मका कापून मोकळा झालास तशी बाग कापता येत नाही, द्राक्षवाल्यांना विचार. आणि आज तुझ्यासारखी किती पोरं घरी फोन करून डाळिंब लावा म्हणतायत ते बघायचं असेल तर नर्सरीत जाऊन रोपाला किती वेटिंग आहे ते विचार. वर कसमादे म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या बागवाल्याकडे आप्पांना घेऊन जा, तेल्या रोग आला तेव्हा सटाणा-मालेगावकडे लोकांनी बागाच्या बागा कशा उपटून टाकल्या ते तो सांगेल. ते सगळं ऐकूनही दोघांना वाटलं तर अर्धा-पाऊण एकर लावा. दोन एकर नाही, आणि कांदा बंद करून तर अजिबातच नाही.

उळं टाकलंय तर टाकलंय. आता तू काय करायचं ते ऐक. तुझ्याकडे इंटरनेट आहे, आप्पांकडे शिवार आहे, दोन्ही एकत्र आलं तर काहीतरी होईल. पणन मंडळाच्या साइटवर बाजार समित्यांचे रोजचे भाव असतात, तिथून लासलगावचे मागच्या सात-आठ वर्षांचे फक्त एप्रिल-मे आणि फक्त सप्टेंबर-ऑक्टोबर असे दोन कॉलम काढ. सरासरी काढत बसू नको, किती वर्षी चाळ धरून फायदा झाला आणि किती वर्षी नाही एवढं मोज. मोजताना तुझ्याच आकड्याने ऑक्टोबरच्या भावाला दोन-तृतीयांशाने गुण, कारण १२० चे ८० झाले ना तुमचे. म्हणजे एप्रिलला हजार असेल तर दिवाळीला पंधराशे मिळाले तेव्हा कुठे बरोबरी. हे एक वाक्य आप्पांना सांग, बाकी फाइल दाखवू नको.

आप्पांना काय विचारायचं, तर डिसेंबर-जानेवारीत लागणीच्या टोळ्यांची काय परिस्थिती आहे. एकरी उक्तं, म्हणजे ठोक मजुरी, देऊनही बायकांची तारीख मिळत नसेल, रोपाच्या वाफ्याला मागाल ती किंमत येत असेल, कृषी सेवा केंद्रात उळं संपलं असेल, तर समज अख्खा तालुका कांद्यात शिरलाय आणि एप्रिलला सगळे एकाच दाराने बाहेर पडणार आहेत. मग आपला एक एकर कमी. हरभरा करा, गहू करा, गायींना घासगवत करा. आणि उलट दिसलं, लोक कंटाळून कांदा सोडतायत, रोप फुकट न्या म्हणतायत, तर आप्पांना अडवू नको, उलट त्या वर्षी लावू दे. बाजारात उभं राहून ऐकलेल्या भावापेक्षा शेजाऱ्याच्या बांधावरून दिसतं ते जास्त कामाचं.

कांदा निघाला की तीन वाटे करा. गोल्टी, जोड आणि चोपडा असा बारीक, जुळा, हलका माल तर चाळीत टाकूच नका, ते आहे त्या भावाला लगेच काढा. चांगल्यातला एक वाटा लगेच विकून उधारी आणि मजुरी भागवा, बाकी चाळीत, आणि त्यातलाही अर्धा, पाऊस जोरात लागायच्या आत बाहेर. यात कधीच सगळ्यात वरचा भाव मिळणार नाही, गावात मिरवायला काही राहणार नाही, पण १ लाख १५ हजाराचा खड्डाही पडणार नाही.

आणि पैशाचं. तू घरी पैसे पाठवतोस की नाही ते पत्रात लिहिलेलं नाहीस. आप्पा एप्रिलला विकत नाहीत ते दिवाळीच्या आशेने, पण दुसऱ्या एखाद्या वर्षी विकतील ते दुकानदार दारात उभा आहे म्हणून. दोन्ही वेळा भाव नाही, गरजच ठरवते. तुझ्या पगारातून दर महिन्याला थोडे बाजूला टाकून मार्चमध्ये चाळीस-पन्नास हजार त्यांच्या खात्यावर गेले, की सोसायटीचं मार्चअखेर आणि खताच्या दुकानाचं त्यातून भागेल आणि कांदा कधी विकायचा हे आप्पा डोकं शांत ठेवून ठरवतील. मका करा, डाळिंब करा हे सांगण्यापेक्षा हे शंभरपट उपयोगाचं आहे, आणि हे गावातला दुसरा कोणी त्यांच्यासाठी करणार नाही.

बोलणं बंद आहे त्याचं म्हणशील तर आईला मधे घालू नको, तिला दोघांचं ऐकून तिसराच ताप. रविवारी तूच फोन कर आणि सुरुवात मक्यापासून कर, माझा चुकला म्हण. मग हळूच विचार, त्या दोन एकराचा चारा किती झाला आणि दोन गायींना कधीपर्यंत पुरला, कारण पत्रात तू पंधराशेचा भाव लिहिलास, चाऱ्याचं अक्षर नाही, आणि मला वाटतं आप्पांनी तो केव्हाच धरलाय हिशोबात.